एआयने लिहिलं, पण सही तुमची: तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मी नांदेडचा. शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअर इंजिनिअरचं, वय अजून तिशीच्या आत. आजच्या भागाची ही लिखित प्रत. ज्यांनी ऐकलंय त्यांना आकडे परत निवांत बघता येतील. ज्यांच्याकडे आत्ता हेडफोन नाहीत त्यांनी सरळ वाचून टाका.

एआयने करून दिलेलं काम माणसाने तपासलं पाहिजे, हे आजकाल सगळेच म्हणतात. ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात पण लिहिलेलं असतं. पण तपासायचं म्हणजे काय करायचं, हे कोणी सांगत नाही. एकदा वाचून बघायचं? त्यालाच परत विचारायचं? की गुगल करायचं? आज यावरच बोलू. आधी आपल्या मुंबई उच्च न्यायालयातली एक खरी केस बघू, कारण तिच्यात सगळा धडा आहे.

तीन निवाडे, जे कुठेच नव्हते

केएमजी वायर्स नावाची एक कंपनी. तिने २०२३-२४ या आकारणी वर्षासाठी आपलं उत्पन्न ३.०९ कोटी रुपये दाखवलं. आयकर खात्याचं फेसलेस मूल्यांकन असतं, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर येत नाहीत, सगळं ऑनलाइन. तिथून २७ मार्च २०२५ ला आदेश निघाला. त्यात कंपनीचं उत्पन्न धरलं २७.९१ कोटी. जवळपास २५ कोटींची वाढ!

यातला मोठा भाग होता संचालकांकडून आलेल्या कर्जाच्या रकमेचा. ती उत्पन्नात का धरली, याला आधार म्हणून आदेशात तीन न्यायालयीन निवाडे दिले होते. कंपनीने ते शोधायला घेतले. सापडेनात. कारण ते अस्तित्वातच नव्हते.

आणखी एक गोष्ट. कंपनीने ज्याच्याकडून माल घेतला होता, त्या पुरवठादाराने नोटिशीला उत्तर दिलं होतं. बिलं, ई-वे बिल, वाहतुकीच्या पावत्या, जीएसटीची विवरणं असं सगळं पाठवलं होतं. तरी आदेशात लिहिलं की पुरवठादाराने उत्तरच दिलं नाही, आणि २.१५ कोटींची खरेदी नामंजूर केली. म्हणजे जे नव्हतं ते आदेशात आलं, आणि जे फाईलमध्ये होतं ते वाचलं गेलं नाही.

६ ऑक्टोबर २०२५ ला न्या. बी. पी. कोलाबावाला आणि न्या. अमित जामसंडेकर यांच्या खंडपीठाने हा आदेश रद्द केला. एआयच्या या काळात सिस्टीमने काढून दिलेल्या निकालांवर माणूस फार विसंबून राहतो, पण निमन्यायिक काम करताना त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, वापरण्याआधी पडताळणी करायची, असं त्यांनी सांगितलं. प्रकरण परत अधिकाऱ्याकडे गेलं. नवी कारणे दाखवा नोटीस द्या, कंपनीचं म्हणणं ऐका, आणि एखाद्या निवाड्याचा आधार घेणार असाल तर तो कंपनीला किमान सात दिवस आधी कळवा, असंही सांगितलं.

आता एक बारीक मुद्दा लक्षात घ्या. या आदेशामागे माणूस होता. अधिकारी होता, त्याला अधिकार होता. सगळे म्हणतात ना, एआयच्या जोडीला माणूस ठेवा म्हणजे झालं? इथे माणूस होताच. तपासणी नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजचा सगळा भाग या फरकावर आहे.

असं होतं कसं? थोडं आतलं सांगतो

मी म्हटलं, "नांदेडहून लातूरला जायला सकाळची...", तर तुमच्या डोक्यात पुढचा शब्द आपोआप आला असेल. बस म्हणा, गाडी म्हणा. चॅटजीपीटीसारख्या लार्ज लँग्वेज मॉडेलचं मूळ काम हेच आहे. आतापर्यंतचा मजकूर बघून पुढचा तुकडा कोणता शोभेल ते ठरवायचं, तो लिहायचं, मग त्याच्या पुढचा. या तुकड्याला टोकन म्हणतात. अफाट मजकूर वाचून ते हे शिकलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

आता निवाड्याचा संदर्भ कसा दिसतो? अमुक विरुद्ध तमुक, साल, न्यायालय, पान क्रमांक. मॉडेलने असे हजारो संदर्भ पाहिलेत. तुम्ही मागितला की ते त्याच साच्यात एक तयार करून देतं. कधी तो खरा असतो, कधी साचा खरा आणि आतला माल कल्पनेतला. लिहिताना "हा निवाडा खरंच आहे का" हे बघायची पायरी त्याच्या कामात आपसूक नसते. हॅल्युसिनेशन म्हणतात ते हेच.

हल्लीची टूल्स इंटरनेटवर शोधून लिंकसकट उत्तर देतात. त्याने फरक पडतो. पण लिंक असणं आणि त्या पानावर तेच लिहिलेलं असणं, यात अंतर आहे. लिंक उघडल्याशिवाय ते कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. माणसाची चूक बऱ्याचदा दिसते. वाक्य अडखळतं, खाडाखोड असते, एखादं नाव अर्धवट असतं. आपल्या डोळ्याला त्याची सवय आहे. एआयची चूक मात्र बरोबर उत्तराइतकीच नीटनेटकी असते. तेच वळण, तोच आत्मविश्वास. म्हणून नुसतं वाचून ती सापडत नाही. वाचताना आपण भाषा तपासतो, आणि भाषा तर चांगलीच असते.

त्यालाच विचारलं तर?

"भाऊ, हे खरं आहे ना?" असं एआयलाच विचारणं ही आपली सगळ्यांची पहिली सवय. यावर २०२३ ची न्यूयॉर्कची केस ऐका. माता विरुद्ध एव्हियान्का. एका प्रवाशाने विमान कंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलाला तीसेक वर्षांचा अनुभव. त्याने चॅटजीपीटीकडून निवाडे घेतले. मनात शंका आली तेव्हा त्यालाच विचारलं, हे निवाडे खरे आहेत का? उत्तर आलं, हो, खरे आहेत, कायद्याच्या मोठ्या डेटाबेसमध्ये मिळतील. सहा निवाडे खोटे निघाले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला.

तिकडचं कशाला, जानेवारी २०२६ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयात भाडेकराराच्या वादात एका पक्षाने लेखी म्हणणं दिलं. त्यात हिरव्या चौकोनातल्या टिक-खुणा, ठराविक मुद्दे, तेच तेच परत. न्यायमूर्तींना संशय आला. त्यात दिलेला एक निवाडा शोधण्यात न्यायमूर्ती आणि त्यांच्या सहायकांचा वेळ गेला, तो सापडलाच नाही. ५०,००० रुपयांचा खर्च बसला. विचार करा, तपासणीचं काम ज्याने करायला हवं होतं त्याने केलं नाही, म्हणून ते न्यायालयाच्या डोक्यावर गेलं. काम कुठेच वाचलं नाही, फक्त दुसऱ्याकडे सरकलं.

२०२५ मध्येच ऑस्ट्रेलियात डेलॉइटसारख्या बड्या कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले. साधारण ४.४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं काम होतं, त्यातले काही पैसे परत करावे लागले. ते सापडले कसे? सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने अहवाल वाचला, आणि आपल्याच ओळखीच्या प्राध्यापिकेच्या नावावर कधी न लिहिलेलं पुस्तक त्याला दिसलं. त्या विषयातला माणूस होता म्हणून दिसलं. मी तोच अहवाल वाचला असता तर मला काहीच खटकलं नसतं.

आपल्याकडे, नांदेड-लातुरात

तुम्ही म्हणाल, कोर्ट, कोटी, ऑस्ट्रेलिया, आमचा काय संबंध? तर तीन उदाहरणं आपल्याच घरातली घेऊ.

पहिलं, नीट. लातूरला शिकवणीला असलेल्या माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, रक्तात ऑक्सिजन लाल पेशी किती टक्के नेतात? एआय ९८.५ म्हणायलाय, अन् सर ९७ म्हणायलेत. कोणाचं खरं?" गंमत अशी की ९८.५ हा आकडा हवेतला नाही. काही परदेशी पाठ्यपुस्तकांत तो आहे. पण अकरावीच्या एनसीईआरटीत सुमारे ९७ टक्के लिहिलंय, उरलेले ३ टक्के प्लाझ्मात विरघळून. मी त्याला म्हटलं, "पुस्तक उघड, त्या पानावर बोट ठेव, मग फोन ठेव." नीटला बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे एका प्रश्नात ५ गुणांचा फरक. इथे एआय खोटं बोललं नव्हतं. फक्त परीक्षेचं माप कोणतं, हे त्याने धरलं नव्हतं. ते माप माहीत असणारा माणूसच हे पकडू शकतो.

दुसरं, सातबारा. समजा उताऱ्यावर क्षेत्र आहे १.२०. फोटो काढून एआयला दिला आणि विचारलं, किती जमीन आहे? सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर. पण आपल्या बोलण्यात "एक-वीस" म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. आणि कोणी दशांश धरून १.२० एकर वाचलं तर होतात ४८ गुंठे. आकडा एक, उत्तरं तीन, आणि तिन्ही उत्तरं एआय तितक्याच ठामपणे लिहून देऊ शकतं. भावाभावांच्या वाटणीचा किंवा बटईचा कागद यावरून केला तर काय होईल, हे मराठवाड्यात मी वेगळं सांगायला नको. तपासायचं कसं? एकक कोणतं ते उताऱ्यावर बघा आणि स्वतः गुणाकार करा. १ हेक्टर म्हणजे १०० आर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०.४७ आर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

तिसरं, फवारणी. सोयाबीनवर अळी पडली, पानाचा फोटो टाकला, औषधाचं नाव आणि प्रमाण आलं. प्रमाण प्रति लिटर पाण्याला आहे, प्रति पंप आहे, की प्रति एकर? एक शब्द इकडचा तिकडे झाला की डोस कितीतरी पट होतो. पीक जळतं, आणि फवारणारा माणूस आजारी पडू शकतो. इथे शेवटचा शब्द एआयचा नसतो. बाटलीवरचं लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक बघा, सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस बघा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

मग तपासायचं कसं?

सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी शिस्त आहे, एआयच्या कितीतरी आधीची. कोड लिहिणारा स्वतःच तो पास करत नाही. दुसरा माणूस ओळ न ओळ बघतो, त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. वर टेस्ट असतात: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न द्यायचा आणि तेच उत्तर येतं का बघायचं. यातली कल्पना एवढीच की तपासणी कामाच्या बाहेरून आली पाहिजे. तेच कोणत्याही एआयच्या कामाला लावा.

पहिली पायरी, तपासता येतील अशा गोष्टी वेगळ्या काढा. नाव, आकडा, तारीख, कलम, संदर्भ, एकक. पानभर मजकुरात अशा दहा-बाराच असतात. त्यांच्याखाली रेघ मारा. "शिक्षण महत्त्वाचं आहे" हे वाक्य तपासायची गरज नाही. "अमुक योजनेत अमुक टक्के अनुदान" हे तपासायचंच.

दुसरी पायरी, मूळ कागद उघडा. दुसरं एआय नाही, कोणाचं स्टेटस नाही, मूळ. शासन निर्णय असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. प्रत्येक जीआरच्या शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो. एआयने जीआरची तारीख सांगितली आणि तो तिथे सापडत नसेल, तर तो अर्जात लिहू नका. कोर्टाचा निवाडा असेल तर ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर फुकट शोधता येतो. प्रत्येक केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. परीक्षेचं असेल तर पुस्तकाचं पान.

तिसरी पायरी, उलट बाजूने बघा. एआयने काय लिहिलं हे आपण तपासतो, पण काय सोडलं ते? केएमजी वायर्सच्या केसमध्ये पुरवठादाराचं उत्तर फाईलमध्ये होतं, आदेशात नव्हतं. दहा पानांचा कागद देऊन सारांश मागितला असेल तर निदान अटी, मुदत आणि पैसे हे तीन भाग स्वतः मुळातून वाचा. भाडेकरार, कर्जाचे कागद, नोकरीचं ऑफर लेटर, सगळ्याला हे लागू.

चौथी पायरी, तपासणाऱ्याला विषय कळला पाहिजे. मला कोड कळतो, म्हणून एआयने लिहिलेला कोड मी तपासू शकतो. आजीच्या औषधाची चिठ्ठी एआयने समजावून सांगितली तर ती मी तपासू शकत नाही, कितीही वेळा वाचली तरी. तिथे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट पाहिजे. आपल्याला जे कळत नाही त्यावर आपण मान डोलावणं, ही तपासणी होत नाही.

"एवढं तपासायचं तर एआय कशाला?"

हा प्रश्न बरोबर आहे, टाळणार नाही. उत्तर कामावर अवलंबून आहे. काही कामं अशी असतात की करायला वेळ लागतो, तपासायला नाही. गणिताचं उत्तर मिळालं की ते समीकरणात घालून बघायचं. इंग्रजी मेलचा मसुदा दोन मिनिटांत आपल्याला हवा तसा आहे का ते कळतं. कोड चालवून बघता येतो. अशा ठिकाणी एआय वापरा, खुशाल वापरा, मी रोज वापरतो. आपल्याकडच्या पोरांना चांगलं इंग्रजी, चांगला शिक्षक, वकिलाचा सल्ला सहज मिळत नाही. त्यांच्यासाठी हे साधन मोठं आहे.

पण जिथे तपासणी करायला मूळ कामाइतकाच वेळ आणि तितकंच ज्ञान लागतं, तिथे वेळ वाचल्याचा नुसता भास असतो. आणि जिथे चूक परत फिरवता येत नाही, म्हणजे आरोग्य, जमीन, कोर्ट, परीक्षेचा फॉर्म, फवारणी, तिथे वेळ वाचवायचाच नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांना तपासणी नको. तहसीलला द्यायच्या अर्जाला पाहिजे.

माणसाची एक मर्यादा पण मान्य करू. पहिले दहा कागद आपण नीट बघतो. सगळे बरोबर निघाले की अकराव्याला नजर सैल होते, आणि पन्नासाव्याला आपण फक्त "ओके" दाबतो. साधन जितकं चांगलं, तितका हा आळस जास्त. म्हणून ऑफिसमध्ये हे काम तुमच्याकडे असेल तर साहेबांना स्पष्ट विचारा: दिवसाला किती कागद तपासायचे, त्याला वेळ किती, आणि शंका आली तर थांबवायचा अधिकार मला आहे का? वेळ आणि अधिकार न देता कोणाला तपासणीला बसवलं, तर त्याला फक्त चूक झाल्यावर नाव घ्यायला बसवलंय. पहिली नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांनी हे नीट ऐका, कारण अशा जागेवर बहुतेक वेळा नवीनच माणूस बसवतात.

शेवटी एक सोपी कसोटी सांगतो. एआयने दिलेल्या कागदावर सही करण्याआधी किंवा तो पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा: कोणी यातल्या एका ओळीवर बोट ठेवून "हे कुठून आणलं?" असं विचारलं, तर मी काय दाखवणार? पान, जीआर, उतारा, लेबल, काहीतरी दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर ती ओळ काढा, किंवा खरी सापडेपर्यंत थांबा.

तुमच्याकडे एआयने ठामपणे दिलेलं आणि नंतर तपासल्यावर वेगळंच निघालेलं उदाहरण असेल, विशेषतः मराठीतलं, तर व्हॉइस मेसेज पाठवा. मूळ कागद कुठे सापडला तेही सांगा, म्हणजे बाकीच्यांना शोधायला सोपं जाईल. पुढच्या भागात शेतीच्या ॲप्सवर बोलू. तोपर्यंत हा भाग त्या मित्राला पाठवा जो सगळे अर्ज एआयकडून लिहून घेतो. भेटू!